माय, बा आणि बाप्पा : काही टिपणे

रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात पाय सटकला की भंडाऱ्याकडच्या बाईच्या तोंडून 'माय वो!' निघतं. 'आई गं' निघायला शाळा जास्त झालेली असावी लागते. 'आई' इथे आहेच, पण ती बरीचशी पुस्तकातून, आकाशवाणीवरून आणि बदलीवर आलेल्या गुरुजींबरोबर आलेली. निबंधाचा विषय कायम 'माझी आई'. 'माझी माय' असं शीर्षक फळ्यावर लिहिलेलं मी अजून पाहिलं नाही.

*

म्हणून 'माय' हे 'आई'चं गावंढळ रूप, असं शिकलेल्या माणसालाही वाटतं. उलट आहे. 'माय'ची वंशावळ सरळ दाखवता येते: संस्कृत 'माता', प्राकृतात मधला त गळून 'माआ', पुढे 'माय'. 'आई'चे कागदपत्र एवढे स्वच्छ नाहीत. तमिळमध्ये आईसाठी 'आय्' आहे, कन्नडमध्ये 'आयि', त्यामुळे तिचं नातं दक्षिणेकडे जोडलं जातं. साने गुरुजींचं 'श्यामची आई' १९३५ साली आलं आणि घराघरात गेलं. ती कोकणातली आई होती. तिने साऱ्या महाराष्ट्राची आई होऊन बसावं याला कुणाची हरकत नव्हती, पण तिच्यामागे 'माय' मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली.

*

भंडाऱ्याकडच्या या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. डोळ्याचा 'डोरा' होतो, काळ्याचा 'कारा'. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं, तिचा शब्दकोश केला. 'माय', 'बा', 'बाप' या शब्दांना मात्र या बदलांची झळच लागत नाही. म, य, ब, प: बोली कितीही अक्षरं टाकून देवो, ही टाकता येत नाहीत. लेकराच्या तोंडी पहिली येतात तीच ही.

*

याच गोष्टीवर रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध लेख आहे. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरातून १,०७२ शब्द गोळा केले होते, ५३१ आईचे आणि ५४१ बापाचे. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखा नाकातला आवाज सापडला, बापाच्या शब्दांत फक्त १५ टक्क्यांत. याकोबसनचं म्हणणं असं, की दूध पिताना लेकराचं तोंड भरलेलं असतं, तेव्हा फक्त नाकातून गुणगुणता येतं. तेच पुढे भुकेचं, हट्टाचं आणि शेवटी आईचं नाव होतं. आपली 'माय' त्या ५५ टक्क्यांत चपखल बसते. 'आई'त तर व्यंजनच नाही.

जॉर्जियन लोकांनी सगळाच हिशेब उलटवला आहे. त्यांच्याकडे 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई.

*

ग्रियर्सनने केलेल्या हिंदुस्थानच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा. भंडाऱ्याकडचे नमुनेही त्यात आहेत. प्रत्येक बोलीत एकच गोष्ट सांगवून घेतलेली: बायबलमधली उधळ्या मुलाची. एका माणसाला दोन लेक, धाकटा बापाला म्हणतो, माझा हिस्सा दे. सर्वनामं, काळ, विभक्ती सगळं एकाच गोष्टीत मिळतं म्हणून ती निवडली. त्या गोष्टीत आई नाही! लेक घर सोडतो, डुकरं राखतो, परत येतो, मेजवानी होते, आणि एवढ्यात एकदाही आई दिसत नाही. त्यामुळे हिंदुस्थानभरच्या बोलींत 'बाप' वाक्यात बोलताना सापडतो, 'माय' मात्र बऱ्याचदा शब्दांच्या यादीत एकटी उभी असते.

*

'बाप' प्राकृत 'बप्प'वरून. हा शब्द दिसतो तेवढा रांगडा नाही. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत राजा स्वतःला 'बप्पपादानुध्यात' म्हणवतो, म्हणजे बप्पाच्या पायांचं चिंतन करणारा. संस्कृत मजकुरात, मोठमोठ्या बिरुदांच्या शेजारी, हा घरातला शब्द खुशाल बसला आहे. आपण तो गणपतीला दिला. विदर्भात तर 'काय सांगू बाप्पा' म्हणताना समोर गणपती लागत नाही, पानठेल्यावरचा कोणीही चालतो.

'वडील' हा मूळचा बापाचा शब्दच नव्हे. वडील म्हणजे मोठा. 'वडील बंधू' आपण अजून म्हणतो. 'आजा'सुद्धा 'आर्यक'वरून, म्हणजे मान देण्याचा शब्द.

*

'माहेर' हे 'मातृगृह'. घर बापाच्या नावावर, सातबारा बापाच्या नावावर, वाटणी भावांत. नाव तेवढं मायचं.

*

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला एक दगडी खांब मिळाला. त्यावर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचं नाव आहे. नावाच्या शेवटी 'अम्म' बघून कोणीतरी इथे मातृपूजा शोधणार, हे ठरलेलं. पण हा बाप्या माणूस, नाव बहुधा परकं. आवाजावरून व्युत्पत्ती लावण्याचा मोह आई-बापाच्या शब्दांत सगळ्यात वाईट, कारण हे शब्द जगभर आपोआप सारखे निघतात.

*

एकत्र कुटुंबातली पोरं वेगळाच गोंधळ घालतात. काका ज्याला 'दादा' म्हणतो त्या आपल्या बापाला पोरही 'दादा'च म्हणतं. आईला सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून तीही 'बाई' होते, कुठे 'वहिनी'सुद्धा. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला उचलून घ्यायची चोरी होती, त्या घरांत बाप 'दादा' राहिला यात नवल नाही.

*

'बाबा' फारसी-तुर्कीतही आहे, आपल्याकडेही. १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, पडले. ज्यांना लोक 'बाबा' म्हणत होते त्यांनाच लोकांनी पाडलं.

*

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने क्रम ठरवून दिला: मुलाचं नाव, आईचं, मग बापाचं, मग आडनाव. लगेच सातवाहन राजा 'गौतमीपुत्र सातकर्णी'चा दाखला निघाला. पण 'गौतमी' हे त्याच्या आईच्या गोत्रावरून आलेलं, म्हणजे बापाकडचंच. तिचं स्वतःचं नाव बलश्री. ते आपल्याला माहीत आहे, कारण नाशिकच्या लेण्यात लेख तिच्या दानाचा आहे.

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आता कमी झाली, पण संपलेली नाही. तिथे आईच्या नावाचा रकाना भरताना विचारावं लागतं: सासरचं लिहू, की तिच्या मायने ठेवलेलं?