मधली भिंत



गेले चार महिने माझ्याकडून काही लिहून झालं नाही. आजारी नव्हते. वारणाकाठच्या आमच्या जुन्या घरात भिंत खरवडत बसले होते. हसू नका, खरंच सांगते. हातात करणी, डोक्याला फडकं, तोंडाला साडीचा पदर. वय चौसष्ट.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. लोक म्हणतात, काळ जातो तसं दुःख कमी होतं. माझं दुःख कमी झालं, पण त्याच्या जागी काहीच आलं नाही. सकाळी मंदिर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवण आणि मग लांबच लांब रात्र. सामायिकाला बसले की अठ्ठेचाळीस मिनिटांतली चाळीस घड्याळाकडे बघण्यात जायची. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, गावचं घर विकून टाकू. पावसाळ्यात एखादी भिंत पडली तर निस्तरत कोण बसणार?" त्याचं बरोबरच होतं. मी म्हटलं, "एकदा बघून येते, मग विक." आणि बघायला म्हणून गेले ती राहिलेच.

घर म्हणजे अर्धं घर. सासऱ्यांच्या पश्चात 1998 साली वाटणी झाली. उजवीकडचे तीन खण आमचे, डावीकडचे भाऊजींचे. मधली भिंत सामाईक. दगडाची जोती, वर पांढऱ्या मातीची दीड हात रुंद भिंत. त्याच भिंतीवरून आमचं बोलणं बंद झालं, ते अठरा वर्षं बंदच राहिलं.

झालं असं होतं. जावेच्या बाजूला, तिच्या देवघरामागे, भिंतीला ओल यायला लागली. लोणा धरला, माती झडायला लागली. ती म्हणाली, ओल तुमच्या बाजूने येते. आम्ही म्हटलं, आमची भिंत तर खडखडीत कोरडी आहे, तुमचीच मोरी गळत असणार. शब्दाने शब्द वाढला. हे भाऊजींना बोलले, मी जावेला बोलले. शेजारणी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यानंतर एका छपराखाली दोन घरं झाली. आम्ही सांगलीला राहायला होतो, सणावारी गावाला यायचो तेव्हा मान वळवून आत जायचो. हे गेले तेव्हा भाऊजी आले, अंगणात उभे राहिले आणि तसेच गेले.

आता कामाचं सांगते.

घरदुरुस्ती म्हणजे हिंसा, हे मला कळत नव्हतं असं नाही. आपण श्रावक. संकल्पी हिंसा सोडायची, आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, ती जपून आणि कमीत कमी करायची, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून ठरवलं की काम चातुर्मासाच्या आत संपवायचं, दिवेलागणीनंतर करायचं नाही आणि जेवढं माझ्या हाताने होईल तेवढं मीच करायचं. मजूर भराभर झाडू मारतो. आपण कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं बघून तरी काढतो. एका तुळईच्या टोकाला वाळवी लागली होती. औषध मारू दिलं नाही. सुताराकडून तेवढा दोन हात भाग कापून घेतला, नवा सागवानी जोड दिला आणि कापलेला तुकडा तसाच बांधावर नेऊन ठेवला. त्यात काही जीव गेले असतीलच. त्या दिवशीच्या प्रतिक्रमणात त्यांची आठवण ठेवली, एवढंच माझ्या हातात होतं.

गावात चुन्याचं काम येणारे एकच गवंडी उरलेत, सत्तरीच्या पुढचे. ते आले, भिंत बघितली, बोटाच्या पेराने ठोकली. आमच्या बाजूने मधल्या भिंतीला पाच फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर होतं. ठोकल्यावर पोकळ वाजलं.

"वैनी, मातीच्या भिंतीला शिमिट कुनी लावलं?"

"आम्हीच लावलं, मामा. माती झडत होती."

ते काही बोलले नाहीत. छिन्नी लावून एक पोपडा उचकटला. ताटाएवढं प्लास्टर एकदम सुटून खाली आलं. मागची माती ओली होती, मळलेल्या कणकेसारखी. बोट घातलं तर पेरभर आत गेलं.

मग त्यांनी मला समजावलं. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. ते तिचं रोजचंच आहे. ती ओल दोन्ही अंगांनी हवेत निघून जाते, म्हणून भिंत शंभर वर्षं टिकते. एका अंगाला सिमेंट लावलं की ते दार बंद. सगळी ओल दुसऱ्या अंगाने बाहेर पडणार. "तुमची बाजू वरनं कोरडी दिसनार," मामा म्हणाले, "आनि पलीकडची सडनार."

मी तिथेच जोत्यावर बसले.

तुम्हाला ठाऊक आहे, मी बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण घरचा जमाखर्च लग्नापासून रोज लिहीत आले आहे. जुन्या वह्या गावच्या घरात लाकडी पेटीतच होत्या. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात शोधल्या. 2003 सालच्या वहीत, वैशाखात, माझ्याच अक्षरात: सिमेंट 4 पोती, वाळू, गवंडी 3 दिवस, मधली भिंत. भांडण झालं 2006 साली. आधी प्लास्टर, मग ओल. वह्या मी लिहिलेल्या, पेटीची किल्ली माझ्याकडे, तरी अठरा वर्षांत ही दोन सालं एकापुढे एक ठेवून बघावीत असं मला वाटलं नाही. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. भाऊजींनी ती जुनी मोरी बुजवून मागच्या अंगणात न्हाणीघर बांधलं, त्यालाही चौदा वर्षं झाली. मोरी गेली, पण ओल गेली नव्हती. मोरीचा दोष असता तर भिंत केव्हाच सुकली असती.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि चूक शोधत राहायचं. मी फरक टाकला जावेच्या नावावर आणि शोधायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते प्लास्टर मी स्वतः काढलं. मामा म्हणाले, पोरगा लावतो. मी नको म्हटलं. हातोडा, छिन्नी, एका वेळी वीतभर. बारा दिवस लागले. पहिल्या दोन दिवसांत तळहाताला फोड आले, नंतर हात मुरले. भिंत तशीच उघडी ठेवून महिनाभर वाळू दिली. तोवर कळीचा चुना आणून पिंपात भिजवला. चुना पाण्यात टाकल्यावर अक्षरशः उकळतो, म्हणून लांब उभं राहायचं, डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे. त्याचं पाणीसुद्धा मी गाळून घेतलं आणि जिवाणी विहिरीत परत सोडली. मामा हसले, म्हणाले, "वैनी, भितीला बी सोवळं?" मी म्हटलं, भिंतीला नाही हो, विहिरीतल्यांना.

एका बाबतीत मात्र मी हट्ट केला आणि तो नडला. मातीच्या थरासाठी पांढरी माती आणि गव्हाचा भुसा आठ दिवस कुजत ठेवतात. कुजलं की त्यात जीव होणार, म्हणून मी दोन दिवसांतच वापरायला लावली. मामांनी भुसा बारीक करून घेतला, तरी एका कोपऱ्यात बोटभर भेगा पडल्या. तेवढा भाग उकरून परत लिंपावा लागला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. व्रत पाळायचं तर त्याचा खर्चही आपणच सोसायचा.

मातीवर चुन्याचे दोन पातळ थर. पहिला वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, वर ओली पोती टांगायची, ऊन लागू द्यायचं नाही. सिमेंट एका दिवसात दगड होतं. चुना हवा घेत घेत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो. त्याची घाई करता येत नाही. सकाळी हात चालायला लागले की अकरा कधी वाजले कळायचं नाही. त्या दिवसांत सामायिकाला बसले तरी घड्याळाकडे बघणं नव्हतं.

पण हे सगळं करताना भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज यायचा, जावेची खोकल्याची उबळ ऐकू यायची, आणि मी गप्प होते. दर वर्षी क्षमावाणीला मी दोनशे जणींना उत्तम क्षमेचा निरोप पाठवते. एका टिचकीत जातो. ज्यांचं मी कधी काही बिघडवलं नाही अशांची क्षमा मागते, आणि जिचं घर अठरा वर्षं माझ्यामुळे ओलं राहिलं ती त्या यादीत नाही. दशलक्षणाच्या दहा दिवसांतला पहिलाच दिवस क्षमेचा. पहिल्याच पायरीवर मी अडलेले, आणि पुढचे नऊ दिवस पूजा करत होते.

शेवटी एका सकाळी 2003 ची वही काखेत घेऊन गेले. ती धाकटी, मी थोरली. थोरलीने जायचं, हे मनाला पटवायला अकरा पावलांच्या अंगणात मी दोनदा थांबले. ती गहू निवडत होती. मला बघून उठली, पाट पुढे केला. "या अक्का," एवढंच म्हणाली.

मी वही उघडून सगळं सांगितलं. प्लास्टर, तारीख, मामा काय म्हणाले ते. म्हटलं, चूक आमची होती. तुझी भिंत आमच्यामुळे सडली. दुरुस्तीचा खर्च मी देणार. मला क्षमा कर.

तिने वही बघितलीसुद्धा नाही. सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "भिंतीचं जाऊ द्या, अक्का. तुम्ही माझं माहेर का काढलंत?"

मला एकदम आठवेना. तिला आठवत होतं. शेजारणींच्या देखत मी म्हटलं होतं, हिच्या माहेरी पक्की मोरी असती तर हिला कळलं असतं. तिची आई त्याच वर्षी, दोन महिन्यांपूर्वी गेली होती. मी तिच्या दिवसांना जाऊन आले होते. आणि तरी बोलले होते.

मैत्रिणींनो, मी वही घेऊन गेले होते. पोती, दिवस, रुपये, सगळं मांडलेलं. आणि हे खातं मी कधी उघडलंच नव्हतं. खातेवहीत खाडाखोड करायची नसते, चूक सापडली की दुरुस्तीची नवी नोंद टाकायची, हे मला पाठ. पण त्या वाक्याची दुरुस्ती कुठल्या नोंदीने करणार? मी वही मिटली. म्हटलं, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी वाईट बोलले." आणि तिच्या पायाशी बसून सुपातले खडे वेचायला लागले. ती काही बोलली नाही, पण सूप थोडं माझ्याकडे सरकवलं.

लगेच सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस पलीकडून काही हालचाल नव्हती. तिसऱ्या दिवशी नातवाच्या हाती ताकाचा तांब्या आला. शेवटचा सफेदीचा हात द्यायचा होता त्या दिवशी ती स्वतः आली, साडी खोचली, चुन्यात चिमूटभर नीळ टाकली आणि म्हणाली, "सासूबाई टाकायच्या, विसरलात?" खरंच विसरले होते.

तिच्या बाजूचं काम पावसाळ्यानंतर, चातुर्मास संपला की. खर्च निम्मा-निम्मा, असं भाऊजींचं म्हणणं. मी सगळा म्हणते. यावरून आमचं पुन्हा थोडं वाजलंय, पण हे वाजणं वेगळं आहे.

घर विकायचं तूर्त राहिलं. मुलगा आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "गार लागते." गारच लागणार, भिंत आता श्वास घेतेय.

तुमच्यापैकी कुणाचं मातीचं घर असेल तर भिंतीला सिमेंट लावण्याआधी एखाद्या जुन्या गवंड्याला विचारा. आणि यंदा क्षमावाणीला निरोप पाठवायला बसलात तर यादीत कोण नाही ते आधी बघा. त्या एकीकडे पायी जा. हिशेबाची वही घरीच ठेवा.

जय जिनेंद्र.