शहाण्यांची जत्रा

ऑर्लँडो, बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४, रात्री

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. सकाळी एडिसनहून निघालो, नेवार्कला विमानात बसलो आणि तीन तासांच्या आत फ्लोरिडात उतरलो. तिथे स्वेटर, इथे घाम. हिच्या हातात स्वेटर आहे तो हातातच आहे. बॅगेत टाक म्हटलं तर म्हणते, राहू दे, लागेल. पत्र हॉटेलच्या कागदावर लिहितोय. नात फोटो काढून तुमच्या मोबाइलवर टाकेल. अक्षर लागलं नाही तर बोटांनी मोठं करून बघा.

आता दिवाळीचा फराळ संपायच्या आत ही ट्रिप का, ते सांगतो. चिरंजीव दोन महिने हिशेब मांडून बसले होते. डिस्नेला उन्हाळ्यात जायचं नाही, शाळांना सुट्ट्या असतात. नाताळात तर नकोच. गर्दी मरणाची आणि तिकीट वर्षात सगळ्यांत महाग. इथे २०१८ पासून तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. आपली एसटी दिवाळीत हंगामी भाडेवाढ करायची, तसं. पण इथे बाराही महिने. तर हॅलोविन उरकलं आहे, थँक्सगिव्हिंगला तीन आठवडे आहेत, आणि त्या दोहोंच्या सापटीत चिरंजीवांना हा आठवडा सापडला. "बाबा, एकदम ऑफ सीझन. चालत जायचं आणि पाळण्यात बसायचं. शिवाय गुरुवार-शुक्रवार शाळेला सुट्टी आहे, पोरांचा अभ्यासही बुडत नाही."

अठ्ठावीस वर्षं पंढरपूरच्या स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली मी. शाळेला सुट्टी आहे म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली. माणूस निवृत्त झाला की त्याची पालही निवृत्त होत असावी.

नेवार्कच्या विमानतळावर सगळ्या टीव्हींवर निवडणुकीचा निकाल चालला होता आणि खाली बाकांवर पोरं उंदराचे कान लावून बसली होती. विमानात एक खुर्ची मोकळी नाही. मागून आवाज आला, "जाताना तू खिडकीशी बसलास ना, मग येताना मी!" शुद्ध मराठीत. मी म्हटलं, योगायोग.

---

गुरुवार, ७ नोव्हेंबर, रात्रीचे अकरा

ती. दादांस नमस्कार.

दादा, जत्रा आहे.

आज मॅजिक किंगडमला गेलो. इथली चार मोठी उद्यानं आहेत त्यातलं हे सगळ्यांत जुनं, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलेलं. गाडीतळ केवढा म्हणाल, तर आपली चंद्रभागेच्या वाळवंटातली सगळी दिंडी-तंबूवाली जागा त्यात मावेल. प्रत्येक भागाला गोष्टींतल्या पात्रांची नावं दिली आहेत. आमची गाडी जाफरमध्ये. हा कोणीतरी दुष्ट वजीर आहे म्हणे. सून दिवसभर मधूनच म्हणायची, "जाफर लक्षात ठेवा हं बाबा." तिथून ट्रॉली, ट्रॉलीनंतर बोट. दरवाजा तळ्याच्या पलीकडे. चंद्रभागा पार करून गाव, तसंच. पण हे तळं माणसांनी खणलेलं आहे. त्यातून निघालेली माती टाकून पलीकडची जमीन उंच केली, आणि त्या भरावात आधी बोगदे बांधून ठेवले. आपण ज्याला रस्ता समजून चालतो तो खरं तर वरचा मजला. कामगार, सामान, कचरा, सगळं खालून फिरतं. हे ऐकल्यावर मी दोन मिनिटं जागीच उभा राहिलो. आषाढीला झाडूवाल्याला स्थानकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवायला मला अर्धा तास लागायचा, आठवतंय ना?

दोर सोडायच्या वेळेआधी आम्ही आत होतो. दोर म्हणजे खराच दोर. तो धरून कर्मचारी पुढे चालतात आणि मागून माणसं. ऑफ सीझनचा दोर सैल असेल अशी माझी कल्पना होती. तो ताणलेला होता. दहा वाजेपर्यंत किल्ल्यासमोर पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती.

एक गोष्ट तुम्हाला दाखवायला हवी होती. मुलांच्या ढकलगाड्या. पाळण्याच्या रांगेत त्या नेता येत नाहीत, म्हणून बाहेर लावून ठेवतात. शे-दीडशे असतील. माणसं घाईत लावतात कशाही, मग एक कर्मचारी येऊन त्या सगळ्या ओळीत लावतो. बाहेर आल्यावर आपली गाडी आपण ठेवली तिथे नसते. कोणी हँडलला लाल फडकं बांधलंय, कोणी फुगा, कोणी आजीची ओढणी. महाद्वाराबाहेर चपलांच्या ढिगात वाकून शोधणारी माणसं असतात ना, तीच मान, तीच कंबर. एका बाईने दुसऱ्याची गाडी थोडी पुढे नेली, त्यात दुसऱ्याचं बाळ झोपलेलं नाही हे बघून परत आणून लावली.

पीटर पॅनच्या पाळण्यावर ८५ मिनिटांची पाटी होती. पाळणा छोटा, एकेका होडीत दोन-तीन माणसं, त्यामुळे रांग हलत नाही. शेजारच्या भुताच्या वाड्यात खुर्च्यांची सलग साखळी फिरत राहते, तासाला जास्त माणसं बसतात, म्हणून तिथली रांग वाहती. दोन्हीकडे गाडी न थांबवता चालत्या गाडीतच चढवतात. हा प्रकार आम्हाला नियमात नव्हता, तरी व्हायचाच.

रांगेच्या तोंडाशी उभ्या पोरीने माझ्या गळ्यात लाल कार्डाचा पट्टा घातला. मला वाटलं ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत. सुनेने विचारून सांगितलं की हे पोचल्यावर आतल्या माणसाकडे द्यायचं. कार्डावर वेळ नोंदवलेली असते, त्यावरून रांगेला खरोखर किती वेळ लागतो ते त्यांना कळतं. म्हणजे मी कामावर! सगळा वेळ ते कार्ड शर्टाच्या आत धरून होतो, हरवू नये म्हणून. माझ्या एचएमटी घड्याळानुसार बासष्ट मिनिटं लागली. पाटीपेक्षा तेवीस कमी. चिरंजीव खूश, "बघा, लवकर झालं!" मी काही बोललो नाही. सांगोल्याची गाडी वीस मिनिटांत येणार असली की आम्हीही खिडकीतून पाऊण तास सांगायचो. प्रवासी नंतर दुवा देतो.

शेजारून एक दुसरी रांग सुळकन पुढे जात होती. तिचे पैसे वेगळे भरायचे. ही म्हणाली, आपल्याकडे त्याला ओळख लागते, इथे डॉलर लागतात, हेच बरं.

आता गर्दीचं गौडबंगाल. आमच्या पुढे एक कुटुंब होतं. हिने त्यांच्या पोरांना चिवडा दिला (बाहेरचं खाणं आणायला इथे मनाई नाही, हिने डबाभर आणलाय), त्यावरून बोलणं निघालं. तुम्ही कुठले? न्यू जर्सी. आम्हीही. त्यांच्या पुढचे? न्यू जर्सी. मागचं पुण्याचं जोडपं, राहतं जर्सी सिटीत. तेव्हा पुढच्या कुटुंबातल्या बाईने हसत उलगडा केला. दर नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरतं. शिक्षकांना तिथे जायची भरपगारी रजा मिळते, म्हणून गुरुवार-शुक्रवार राज्यातल्या शाळा बंद. परवा मंगळवारी मतदानासाठी बऱ्याच शाळा बंद होत्या. येत्या सोमवारी माजी सैनिकांचा दिवस, तोही काही ठिकाणी जोडून. मग काय, सगळं जर्सी इथे. इथली मुरलेली मंडळी या आठवड्याला जर्सी वीकच म्हणतात. बाकीच्या देशाला हा आठवडा ऑफ सीझन आहे, ते खोटं नाही. पण चिरंजीवांनी सल्ला घेतला टेक्सासच्या मित्राचा आणि सुट्टी धरली जर्सीच्या शाळेची.

सुनेने त्या बाईला विचारलं, तुम्ही काय करता? म्हणाली, मी शिक्षिका. मग अधिवेशन? "अटलांटिक सिटीला जातात की काही जण," असं म्हणून तिने अजून थोडा चिवडा घेतला.

संध्याकाळी किल्ल्याजवळ गर्दीत एक ओळखीचा चेहरा. एडिसनच्या ओक ट्री रोडवर परवा भाऊबीजेची मिठाई ज्याच्या दुकानातून घेतली, तोच. डोक्यावर उंदराचे कान. त्याने मला बघितलं, मी त्याला. म्हणाला, "आप भी? मैंने सोचा इस टाइम कोई नहीं आता."

---

शनिवार, ९ नोव्हेंबर

ती. दादांस नमस्कार.

काल पत्र झालं नाही, कारण काल आम्ही मजेत होतो.

परवा रात्री चिरंजीव तोंड पाडून बसले होते. दुसऱ्या दिवशी दुसरं उद्यान बघायचं ठरलेलं. मी त्यांचा मोबाइल घेऊन वेळापत्रक बघितलं. सवयीने पहिली नजर शेवटच्या गाडीकडे जाते. मॅजिक किंगडम शुक्रवारी संध्याकाळी सहालाच बंद. का? तर नाताळच्या खास पार्टीची यंदाची पहिली रात्र. तिचं तिकीट निराळं, ज्याच्याकडे ते नाही त्याने सहाला निघायचं. चिरंजीव म्हणाले, "म्हणूनच तर उद्या तिथे नको. पूर्ण पैसे भरून अर्धा दिवस कशाला?" मी म्हटलं, आज रांगेत भेटलेला प्रत्येक जण आत्ता हॉटेलात बसून हेच म्हणत असेल.

काल सकाळी परत तिथेच गेलो. तोच रस्ता, तोच किल्ला, आणि माणसं निम्मी. निम्मीहून कमीच. दोन वाजेपर्यंत नातवाने बोटीच्या तीन फेऱ्या केल्या. भुताच्या वाड्यावर १३ मिनिटांची पाटी होती. रांग नसली की तिथे मुद्दाम तेरा लिहितात, भुतांचा आकडा म्हणून. मी तेवढ्यासाठी फोटो काढून घेतला. लहान मुलांच्या बाहुल्या गाणं म्हणतात त्या पाळण्यातही बसलो. तो मुळात १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेसाठी केलेला. ते गाणं अजून डोक्यात वाजतंय, काकड आरती म्हणून पाहिली तरी जात नाही.

चारपासून मनगटाला पार्टीचा पट्टा बांधलेली मंडळी आत येऊ लागली. सहाला कर्मचारी जागोजागी उभे राहून मनगटं बघू लागले, पट्टा नसला की हसतमुखाने दरवाजाची दिशा. बोट एक दाखवत नाहीत, दोन बोटं जोडून दाखवतात. बोटीत बसताना ही म्हणाली, "तिकडे पंढरपुरात एव्हाना विठोबाचा पलंग निघाला असेल." खरंच की. कार्तिकी आली म्हणजे देवाची झोप बंद, चोवीस तास दर्शन. इथे सांजवेळी माणसं बाहेर काढतात आणि तिकडे देवाचा पलंग.

आजचं एपकॉट थोडक्यात सांगतो, कारण मुलांपेक्षा मोठ्यांचंच ते आहे. तळ्याभोवती अकरा देश मांडले आहेत. हिने भारत शोधत पूर्ण फेरी मारली. नाही. शनिवार असल्याने आज जर्सीवाल्यांच्या जोडीला इथलेच स्थानिक लोक वार्षिक पास घेऊन आलेले, खाण्यापिण्याचा महोत्सव आहे म्हणून. हातात बशी, पुढच्या ठेल्याकडे डोळे. शेवटी मोरोक्कोच्या पायऱ्यांवर बसून चिवडा संपवला.

चिरंजीवांना एक विचारलं, गुरुवारचं तिकीट सप्टेंबरपेक्षा महाग होतं का? म्हणाले, हो, बरंच. म्हणजे तिकीटवाल्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं, दरपत्रकात लिहून ठेवलं होतं. आपणच ते दरपत्रक म्हणून वाचलं, वेळापत्रक म्हणून नाही वाचलं.

---

ऑर्लँडो विमानतळ, रविवार, १० नोव्हेंबर

ती. दादांस नमस्कार.

हे कागदाच्या उरलेल्या अर्ध्यावर. तपासणीच्या रांगेत तासभर गेला, पुढे-मागे सगळे ओळखीचे वाटायला लागले आहेत. मिठाईवालाही याच विमानाला आहे. तो पुढच्या वर्षीचं बोलत होता: नोव्हेंबर नको, जानेवारीचा शेवट बघू, तेव्हा कोणी नसतं. चिरंजीवांनी लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मी गप्प बसलो.

नातवाने उंदराचे कान माझ्यासाठीही घेतलेत. पंढरपूरला आणतो, बघा. हिने स्वेटर आत्ता घातला, विमानतळाच्या एसीत. "सांगत होते ना."

परवा मंगळवारी एकादशी. गोपाळपूरच्या कितव्या पत्राशेडपर्यंत दर्शनाची बारी गेली ते कळवा, आणि यात्रेच्या स्थानकावर खिडकीत सध्या कोण बसतं, तेही. वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा