मिलफर्डच्या वाटेवरील अखेरचा दिवस

न्यूझीलंडच्या फियॉर्डलँड प्रदेशातील मिलफर्ड ट्रॅक ही ५३.५ किलोमीटरची डोंगरवाट. हंगामात ती एकाच दिशेने, चार दिवसांत पार करावी लागते आणि प्रत्येक विश्रामगृहात मुक्काम एकच रात्रीचा. येथे वर्षाकाठी सहा मीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तो ओसरेपर्यंत थांबण्याची सवड सहसा नसते.

चौथ्या सकाळी डंपलिंग हट सोडताना बूट ओलेच असतात. शिधा सरलेला, तरी भिजलेल्या कपड्यांमुळे पाठीवरचे ओझे हलके वाटत नाही. पुढे आर्थर नदीकाठचे १८ किलोमीटर उरतात. होडीची वेळ ठरलेली. थकलेले पाय घाई करू लागतात आणि निसरड्या दगडांवर तीच घाई घातक ठरते. म्हणून जाणते प्रवासी पहाटेच निघतात.

सावकाश चालणाऱ्याला या पावसाचे देणेही दिसते. मॅके धबधबा दुथडी गर्जत असतो. एरवी कोरड्या असणाऱ्या कड्यांवरून असंख्य शुभ्र धारा झेपावतात. पाऊस थांबताच त्या विरून जातात. स्वच्छ उन्हात आलेल्याला हे वैभव लाभत नाही.

सँडफ्लाय पॉइंटला वाट संपते. होडीतून पैलतीरी उतरल्यावर, चार दिवस जपून ठेवलेला कपड्यांचा कोरडा जोड अखेर पिशवीतून बाहेर निघतो.