डेअरीच्या शेडमधली सभा

आमचं गाव वारणेच्या काठावर. ऊस, म्हशी आणि काही वर्षांनी एकदा उंबऱ्याच्या आत येणारी नदी, एवढं सांगितलं की गाव सांगून झालं. मी दीड वर्षाचा होतो तेव्हा मला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. चौथीपर्यंत आईनं मला कमरेवर घेऊन शाळेत पोचवलं. पुढं थोरल्या भावाच्या सायकलीवर मागं बसून हायस्कूल केलं. दहावी झालो, पण नोकरी काही लागली नाही. त्या काळात अपंगांना एसटीडीचे बूथ मिळायचे, तसा मलाही मिळाला. स्टँडसमोर काचेची केबिन, आत फोन आणि लाल आकडे पळवणारं मीटर. त्या केबिनीनं मला पोटाला घातलं आणि गावही दाखवलं.

तोवर मला वाटायचं, गावात अपंग म्हणजे मी, एका पायानं अधू असलेला टेलर आणि देवळापाशी बसणारा आंधळा बाबा. बूथवर बसल्यावर कळलं, की कितीतरी घरांच्या आतल्या खोलीत एक माणूस आहे. कोण मुंबईच्या दिराला सांगायचं, "पोराला परत फीट आली, गोळ्या संपल्यात." कोण पुण्याच्या लेकाला विनवायचं, "बापाला उचलून माझी कंबर गेली, चार दिस येऊन जा की." फोन ठेवला की ती बाई पदर सावरून पैसे द्यायची आणि काही घडलंच नाही अशी निघून जायची. मीही मीटर बघून पावती फाडायचो. दोघांनीही कधी विषय काढला नाही.

2005 च्या जुलैत पूर आला. रात्रीत पाणी चढलं. भावानं मला पाठीवर घेतलं आणि आम्ही वरच्या अंगाच्या शाळेत पोचलो. कुंभार आळीत लकव्यानं पडलेला एक म्हातारा होता. त्याला माळ्यावर ठेवला होता. मुलाला वाटलं चुलत्यानं काढला, चुलत्याला वाटलं मुलानं. दीड दिवसानं लक्षात आलं. म्हातारा जिवंत होता. खाली आणल्यावर एवढंच म्हणाला, "म्या हाका मारत हुतो." पूर ओसरल्यावर पंचनामे झाले. किती म्हशी वाहिल्या, किती भिंती पडल्या, सगळं कागदावर आलं. पण न चालणारी, न दिसणारी, न ऐकू येणारी माणसं गावात किती आणि कुठल्या घरात, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी तालुक्याला तीनचाकी सायकली वाटायचा कार्यक्रम झाला. मांडव पाहुण्यांच्या डोक्यावर आणि आम्ही उन्हात. अकराला बोलावलं होतं, पाहुणे दोनला आले. भाषणं झाली, फोटो झाले. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मावशींना सायकल मिळाली. ती हातानं फिरवायची सायकल होती आणि मावशींच्या हातातच जोर नव्हता. त्यांनी तसं सांगितलं, तर एक कार्यकर्ता म्हणाला, "राहू द्या, घरातलं कोणीतरी ढकलेल." परत येताना टेंपोत सगळे गप्प होते. मग टेलर म्हणाला, "आपल्याला एकदा तरी कुणी इचारलं का, काय पायजे म्हणून?" त्या टेंपोतच आमची संस्था सुरू झाली, असं मी मानतो.

त्याच सुमारास तालुक्याच्या वाचनालयातून नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आणून वाचलं. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर निकामी झालेली बाई. स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून तिनं कोल्हापुरात 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आमच्यापासून कोल्हापूर ते केवढंसं लांब! तोवर अपंगांची संस्था म्हणजे चांगल्या माणसांनी आमच्यासाठी काढलेली, असंच डोक्यात होतं. ती आपणही काढू शकतो, हे त्या पुस्तकानं मनात घातलं.

पहिली अडचण आली ती बसायची. देवळाच्या सभामंडपाला पाच पायऱ्या. ग्रामपंचायतीला सात. पार कमरेएवढा उंच. शाळेची खोली सपाट, पण किल्ली मुख्याध्यापकांकडं. शेवटी डेअरीची पत्र्याची शेड सापडली. दुधाचे कॅन ढकलता यावेत म्हणून ती रस्त्याच्या पातळीवर बांधलेली. जिथं कॅन जातो तिथं आमची सायकलही जाते. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळपर्यंत शेड रिकामीच. डेअरीच्या चेअरमननी परवानगी दिली आणि पहिल्या बैठकीला अकरा जण आले.

नोंदणीला किमान सात जण लागतात. ते होते. पण गावातले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "अध्यक्ष धडधाकट माणूस असू दे. कचेरीत वजन पडतंय. तुम्ही सभासद व्हा, आम्ही धावपळ करतो." माणूस चांगला होता, मनापासून बोलत होता. आम्ही दोन बैठका त्यावरच घालवल्या. शेवटी आंधळे बाबा म्हणाले, "वजन पडतंय खरं, पर आपल्याच अंगावर पडतंय." घटनेत लिहिलं, की कार्यकारिणीत निम्म्याहून जास्त माणसं अपंगच असतील. अध्यक्ष मी झालो. त्या गृहस्थांना सल्लागार केलं. त्यांनी राग धरला नाही. पुढं कित्येकदा स्वतःच्या मोटारसायकलीवरून आमचे कागद पोचवले.

मग कामाला लागलो. अपंगत्वाचा दाखला, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, एसटीच्या सवलतीचा पास. दाखल्यावर 40 टक्के लागलं तर सरकारदरबारी माणूस अपंग, 38 लागलं तर नाही. दाखल्यासाठी मोठ्या दवाखान्यात चार-चार फेऱ्या व्हायच्या. म्हणून आम्ही एक टेंपो ठरवून दहा-बारा जण मिळून जायला लागलो. संजय गांधीचे महिन्याला 600 रुपये मिळायचे, 2019 ला ते 1000 झाले. रक्कम किती का असेना, स्वतःच्या नावावर पैसे आलेली माणसं घरात जरा वेगळ्या आवाजात बोलू लागली. माझीही मान ताठ झाली. आणि तिथंच मी चुकलो.

बैठकीला काही बायका यायच्या, पोरांना घेऊन. त्या शेडच्या तोंडाशी, चपलांजवळ बसायच्या. एकदा कसल्या तरी ठरावावर त्यातली एक बोलायला लागली. मी तिला थांबवलं. म्हणालो, "वहिनी, ही संघटना अपंगांची आहे, पालकांची नाही. आधी आमच्या माणसांना बोलू द्या."

वहिनींची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला बोलता यायचं नाही, फिट्स यायच्या, अंघोळीपासून सगळं आईच्या हातात. एवढी मोठी झाली तरी सगळं गाव तिला छकुलीच म्हणायचं. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"दादा, तुमास्नी पाय न्हाईत, खरं तोंड हाय. माझ्या पोरीला पाय हाईत, तोंड न्हाई. मग तिचं कुणी बोलायचं?"

कोणी काही बोललं नाही. मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आनि माझं सोताचं बी काय असंल न्हवं? अकरा वर्सं झाली, माह्यारी मुक्काम न्हाई. आई गेली तवा बी सांजच्या गाडीनं परत आले. ते कुनाला सांगायचं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही, म्हणजे ते उत्तर नसणार.

त्या रात्री जेवताना मी आईकडं बघत होतो. ती उजवीकडं कलून चालायची. लहानपणापासून तशीच बघत आलो होतो. मला ती डाव्या कमरेवर घ्यायची. मी विचारलं, "तुझी कंबर माझ्यामुळं गेली काय गं?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तू जड हुतास." थोड्या वेळानं म्हणाली, "तुझी फी भरायची हुती म्हणून दवाखान्यात गेले न्हाई. मग सवं झाली." चाळीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा विचारलं होतं. मला कुणी विचारत नाही म्हणून संस्था काढणारा मी.

पुढच्या बैठकीत मी माफी मागितली आणि घटना बदलायचा ठराव मांडला. सोपं गेलं नाही. टेलर म्हणाला, "आईबापांना मतं दिली तर उद्या तेच सगळं ठरवतील. माझ्या बापानं माझं लगीन मला न इचारता मोडलं हुतं." त्याचंही खरं होतं. आपल्यावर माया करणारा माणूसच आपल्याला बोलू देत नाही, हे आमच्यातल्या कितीतरी जणांनी भोगलेलं. तीन बैठका भांडून आम्ही एक रीत ठरवली. ज्याचा विषय त्याला आधी विचारायचं, त्याला जसं सांगता येईल तसं. घाई करायची नाही. मग सांभाळणाऱ्यानं बोलायचं. आणि सांभाळणाऱ्याचं स्वतःचं दुखणं, त्याची अडचण, ही वेगळी पाळी. ती दुसऱ्याच्या नावावर खपवायची नाही. कार्यकारिणीत सांभाळणाऱ्यांच्या तीन जागा झाल्या. रजिस्टरात नावं लिहिताना छकुलीचं खरं नाव विचारलं, तर निम्म्या सभेला ते ठाऊकच नव्हतं.

वहिनींच्या माहेरची यात्रा जवळ आली होती. आम्ही पाळ्या लावल्या. दोन रात्री टेलरची बायको छकुलीजवळ झोपली, दिवसा मी आणि आंधळे बाबा. गोळ्यांच्या वेळा, फीट आली तर कुशीवर कसं करायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे सगळं वहिनींनी चार वेळा घोकून घेतलं. जाताना स्टँडपर्यंत दोनदा मागं आल्या. परत आल्या तेव्हा हातात नव्या बांगड्या होत्या. गेल्या इतक्या वर्षांत आम्ही काय केलं असं कुणी विचारलं, की लोकांना मी सायकलींचा आकडा सांगावा असं वाटतं. मी ते दोन दिवस सांगतो.

तिचं कुणी बोलायचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र पुढं तिनंच दिलं. लांबच्या एका वसतिगृहात तिची सोय होत होती. घरातल्या पुरुषांनी ठरवूनच टाकलं होतं. वहिनी म्हणाल्या, रीतीप्रमाणं तिला आधी विचारू. विचारायचं कसं? तिला तिथं घेऊन गेलो, दिवसभर ठेवलं. जेवली, हसली, पोरींचे हात धरून फिरली. आम्हाला वाटलं, जमलं. संध्याकाळी तिनं स्वतःची पिशवी उचलली, टेंपोत जाऊन बसली आणि आईची जागा हातानं थोपटून दाखवली. महिन्यानं पुन्हा नेलं, पुन्हा तसंच. विषय तिथंच मिटला.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा अपंगांवर खर्च करायचा असतो. आधी तो 3 टक्के होता, मग 5 झाला. ग्रामसभेत ओरडून ओरडून त्यातून कचेरीला उतार करून घेतला. पहिला एवढा उभा बांधला, की माझी सायकल चढायच्या ऐवजी मागंच आली. सरळ हिशेब आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. एका हातानं अधू असलेल्या आमच्या सुतारदादांनी दोरी लावून मापं दाखवली आणि तो फोडून परत बांधायला लावला. दरम्यान 2016 चा कायदा आला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. आम्ही अपंगाचे दिव्यांग झालो. नाव चांगलं आहे. देवळाच्या पायऱ्या अजून पाचच आहेत.

2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, 2005 पेक्षा मोठा. पाणी चढायला लागलं तसा सरपंचांचा माणूस धावत आला, "तुमचं रजिस्टर द्या." आमच्या रजिस्टरात त्रेचाळीस नावं होती. नुसती नावं नव्हती. कुणाचं घर कुठं, खोली पुढची का मागची. 'काखेत धरू नका, खांदा निखळतो.' 'अंधाराला भितो, आईचा आवाज पाहिजे.' 'ऐकू येत नाही, बॅटरी दाखवा.' ही वाक्यं आम्ही सांगितलेली, ज्याची त्यानं किंवा त्याला उचलणाऱ्यानं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पोरं ते वाचत घरोघर गेली. रात्री शाळेत हजेरी घेतली, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. कुंभार आळीतला तो म्हातारा तोवर राहिला नव्हता. त्याचा मुलगा रजिस्टर हातात घेऊन सगळी नावं दोनदा मोजत बसला होता.

आई त्यानंतर वर्षभरानं गेली. शेवटचे चार महिने ती अंथरुणाला खिळून होती. उचलायला पाय पाहिजेत, ते माझ्याकडं नव्हते. पण तिचं नावही रजिस्टरात होतं आणि माझं तिच्यापुढं, सांभाळणारा म्हणून. पाळ्या लागल्या. बायका येऊन तिला न्हाऊ घालायच्या. तिला आधी विचारायच्या, पाणी किती कढत हवं. ती सांगायची.

बूथ मोबाइलनं कधीच संपवला. केबिनीत आता मी झेरॉक्स काढतो. अध्यक्ष वहिनी आहेत. मागच्या महिन्याच्या बैठकीला त्या नव्हत्या, यात्रेला माहेरी गेल्या होत्या. छकुली माझ्याशेजारी बसली होती. मी सह्यांसाठी रजिस्टर पुढं सरकवलं. तिनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, आपल्या नावापुढं उठवला, आणि आईच्या नावापुढची रिकामी जागा मला बोट लावून दाखवली. मी तिथं लिहिलं, 'माहेरी.'