टिक... आणि गायब!

सबमिशनला दोन दिवस उरले होते. फायनल इयरचा अख्खा प्रोजेक्ट आणि गेल्या वर्षी वारलेल्या आजीचे फोटो, सगळं एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. लॅपटॉपमध्ये जागा हवी म्हणून मूळ फाइल्स मीच उडवलेल्या. रात्री डिस्क लावली. दिवा लागला, ‘टिक’ झालं आणि ड्राइव्ह गायब! पुन्हा लावली, पुन्हा तेच.

रूम पार्टनर म्हणाला, “फॉरमॅट मार.” मी त्याला हात जोडले. शेवटी शेजारच्या रूममधला इलेक्ट्रिकलवाला आला. बघून म्हणाला, “अरे, उपाशी आहे ती!”

यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत करंट देतो. डिस्कची तबकडी फिरायला लागताना त्याहून जास्त लागू शकतो. त्यात माझी केबल लांब नि बारीक, शिवाय मध्ये बिनअडॅप्टरचा हब, त्यावर माऊस नि पंखा! व्होल्टेज पडलं की डिस्क मान टाकणारच.

हब काढला. त्याची आखूड, जाड केबल घेऊन डिस्क थेट लॅपटॉपला जोडली. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद केलं. डिस्क घरघरली... आणि टिकली! एरर चेकिंग नंतर, आधी कॉपी. पहिला फोल्डर आजीचा. प्रोजेक्ट रडतखडत पुन्हा करता आला असता, आजीचे फोटो पुन्हा कुठून काढणार?

तेव्हा कळलं, मी जिला ‘बॅकअप’ म्हणत होतो ती एकुलती एक प्रत होती. मित्रांनो, तुमची दुसरी प्रत कुठे आहे?