घोकणाऱ्यांची बाजू

घोकंपट्टीचा मी कट्टर विरोधक होतो. गुरुग्राममध्ये शिकवणी घेताना व्याख्या धडाधड म्हणणाऱ्या मुलांना मध्येच अडवायचो. हाताशी पुरावाही होता. अमेरिकेत मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नाम दाखवलं की जुळणारं क्रियापद बोलायचं होतं. सुरुवातीला मेंदूचा डावा पुढचा भाग आणि अँटिरिअर सिंग्युलेट जोमाने कामाला लागले. तीच यादी घोटल्यावर तिथली हालचाल ओसरली. पाठ झालं की मेंदू झोपतो, असा अर्थ मी लावला.

तो अर्थ डळमळला घराजवळच्या मानेसरमुळे. तिथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात जेम्स हार्टझेल, नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी 21 वेदपाठी पंडितांचे एमआरआय इतर 21 जणांशी ताडून पाहिले. भाषा आणि स्मृतीशी निगडित भागांत पंडितांचं ग्रे मॅटर जास्त निघालं. वाढलेल्या भागांत अँटिरिअर सिंग्युलेटही होता!

मंत्रांनी मेंदू वाढतो, असं मात्र मी म्हणणार नाही. एकदाच काढलेल्या प्रतिमेवरून कारण कळत नाही. मुळात तसा मेंदू असलेली मुलंच वर्षानुवर्षांच्या संथेत टिकत असतील. शिवाय ही विद्या स्त्रियांना आणि शूद्र ठरवलेल्यांना शतकानुशतकं नाकारली गेली, हेही विसरता येत नाही.

मला पटली ती पाठाची रीत. क्रमपाठात एक-दोन, दोन-तीन अशी पदं सरकतात. जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. शेजार बदलला की संधी आणि स्वरही बदलतात. नुसत्या जिभेच्या सवयीवर हे निभत नाही.

मग रेकल यांचा प्रयोग पुन्हा नीट वाचला. सरावानंतर मेंदू झोपला नव्हता. काम दुसऱ्या भागांनी उचललं होतं. नवी यादी येताच आधीची हालचालही परतली होती.

हल्ली मुलांना मी पाठ करू देतो. मग पुस्तक मिटून पाढा उलटा म्हणायला लावतो, प्रकाशसंश्लेषणाचे टप्पे शेवटून विचारतो, व्याख्या अर्ध्यातून सुरू करवतो. मुलं कुरकुरतात. पाठांतराला माझा विरोध आता उरलेला नाही. सोप्या पाठांतराला अजून आहे.