काळ उलटवून पाहणारे न्यूट्रॉन

पावसाळ्यात तानसा धरण भरून वाहू लागते, तेव्हा खाली कोसळलेले पाणी आपणहून पुन्हा वर चढत नाही. मग काळ उलटा धरला तरी निसर्गनियम तेच राहतात का, हे विचारण्यात अर्थ काय, असा आक्षेप कोणीही घेईल. पण पाणी वर चढत नाही, कारण त्यातल्या असंख्य रेणूंच्या गती एकाच क्षणी नेमक्या उलटण्याची शक्यता नगण्य असते. दोनच रेणूंची टक्कर घेतली, तर सुलट आणि उलट दोन्ही घटना नियमात बसतात. प्रश्न आहे तो अशा सुट्या घटनेचा, आणि तिथे काळाची सममिती क्वचित मोडते हे सिद्ध झालेले आहे. 1964 मध्ये केऑन या कणाच्या क्षयात तिचा अप्रत्यक्ष पुरावा मिळाला, 2012 मध्ये बाबर प्रयोगाने बी-मेसॉन कणांमध्ये थेट. तरीही शोध थांबवता येत नाही, कारण हिशेब जुळत नाही. विश्वात दर दहा अब्ज फोटॉनांमागे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून साधारण सहा उरले आहेत. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यात निसर्गाने भेद केल्याशिवाय ते उरले नसते, हे भौतिकशास्त्रज्ञ साखारोव यांनी 1967 मध्ये दाखवले. प्रस्थापित सिद्धान्तातला भेद या सहांनाही फार अपुरा पडतो. हा भेद आणि काळाच्या सममितीचा भंग सिद्धान्तानुसार जोडीने येतात; म्हणजे ही सममिती मोडणारे आणखी काही असावे.

ते शोधायला प्रचंड ऊर्जेच्या टकरीच हव्यात, असे मला वाटत नाही. लँथॅनम-139 च्या अणुकेंद्रकावर 0.734 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा मंद न्यूट्रॉन आदळला, की अनुनाद होतो आणि डाव्या-उजव्यातला, म्हणजे घटना आणि तिची आरशातली प्रतिमा यांतला भेद जवळपास दहा टक्क्यांवर जातो. एरवी तो कोटीत एखादा असतो. ही लाखो पटींची वाढ काळाच्या सममितीलाही लागू पडावी, अशी सैद्धान्तिक अपेक्षा आहे. न्यूट्रॉनची फिरकी (स्पिन), त्याची दिशा आणि केंद्रकाची फिरकी परस्परांना काटकोनात ठेवून आरपार गेलेले न्यूट्रॉन मोजायचे, मग न्यूट्रॉनची फिरकी उलटवून पुन्हा मोजायचे. इतके मोठे केंद्रक गणितात कसे पकडणार, ही शंका रास्त आहे. पण त्याच अनुनादातला डाव्या-उजव्याचा भेद आधीच मोजलेला असल्याने दोन्हींचे गुणोत्तर घेता येते, आणि केंद्रकातली बरीच गुंतागुंत त्यात छेदली जाते. काळाची सममिती मोडल्याची दुसरी खूण म्हणून न्यूट्रॉनचा विद्युत द्विध्रुव शोधणाऱ्या प्रयोगांनी 2020 पर्यंत फक्त वरची मर्यादा दिली आहे. हा मार्ग त्यांना पूरक ठरेल.

खरी अडचण फिरकीची आहे. लक्ष्यातल्या केंद्रकांमुळे आणि चुंबकीय क्षेत्रामुळे न्यूट्रॉनची फिरकी वाटेतच वळते आणि खोटा संकेत उमटू शकतो. फिरकीवर ताबा ठेवण्याच्या विद्येत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव आहे. तिथल्या अपूर्व वाघ आणि वीरचंद राखेचा यांनी परदेशी सहकाऱ्यांसह न्यूट्रॉन-तरंगाच्या कलेतला (फेजमधला) भूमितीय भाग वेगळा करून दाखवला, तो निबंध 1997 चा. मात्र ट्रॉम्बेच्याच, 1985 पासूनच्या ध्रुव अणुभट्टीचा न्यूट्रॉन-झोत अखंड आहे; ऊर्जेनुसार न्यूट्रॉन निवडायला स्पंदित झोत सोयीचा, आणि तो जपानमधल्या जे-पार्क या संशोधन केंद्रात उपलब्ध आहे. त्यामुळे झोत तिकडचा आणि फिरकी सांभाळणारी उपकरणे इथली, अशी भागीदारी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.